धोट्याचा फोटो

“पण दोन मिनिटं दिवा लावला, तर तुमचं जातंय काय, आण्णा?”

गुरलिंग आण्णांनी मागावरून मान वर केली नाही. उजव्या हातातला धोटा सुटला, काळ्या धाग्यांच्या दोन थरांमधून सळकन पलीकडे गेला आणि डाव्या हातात शिरला. मागोमाग फळीचा ठोका. धप्प.

“मी काहीतरी विचारलं.”

“ऐकलं.”

धप्प.

“मग?”

“दिवा लावला की तुला दिसंल, अन् मला दिसायचं बंद हुईल. साठ वर्सं ह्या अंधाराला डोळं लावून ठिवल्यात... तुझ्या दोन मिंटांसाठी दिपवून घिऊ व्हय?”

निरंजन दोशीनं कॅमेरा मांडीवर आदळला. म्हणजे आदळल्यासारखं केलं. महागाची वस्तू, राग कितीही आला तरी माणूस ती जपूनच आदळतो.

आजचा पाचवा दिवस होता.

मुंबईत त्याच्या फोटोंचं प्रदर्शन लागणार होतं. नाव ठरलं होतं ‘वेग’. दहा फोटो, दहा भिंती. नऊ तयार होते. तळ्यावरून उडता उडता पाणी पिणारं वटवाघूळ होतं, मिणमिणत्या मंडपात मल्लखांबावरून सुटलेला पोरगा होता, दिवेलागणीला विहिरीत सूर मारणारी बाई होती. सगळं अर्ध्या उजेडात टिपलेलं, आणि असं लख्ख की पाण्याचे थेंब मोजून घ्यावेत. अंधारात पळणारी वस्तू धरून दाखवणारा माणूस, असं त्याचं नाव झालं होतं. ते नाव त्याला स्वतःलाही आवडायला लागलं होतं.

दहाव्या भिंतीसाठी त्यानं शब्द देऊन टाकला होता. घोंगडीच्या मागावर, हवेतल्या हवेत थांबलेला धोटा.

शब्द दिलाय आणि हातात माल नाही, ही अवस्था काय असते, हे व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. निरंजनला पाच दिवस झोप नव्हती.

खोली दगडी होती. बुटकं दार, वर वीतभर झरोका, बस्स. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसलेले आण्णा, त्यांच्यासमोर ताणलेली काळी लोकर. धोटाही काळाच, तीन पिढ्यांच्या तळव्यांनी घासून घासून तो आता लाकडाचा आहे की शिंगाचा, हे कळत नव्हतं.

काळ्या खोलीत, काळ्या लोकरीत, काळा धोटा. आणि तोही डोळ्याचं पातं लवायच्या आत इकडून तिकडे.

शटर झटकन मिटवावं, तर फोटो काळाठिक्कर. जरा उघडं ठेवावं, तर धोट्याच्या जागी नुसता धूर. कॅमेऱ्याची ताकद वाढवावी, तर फोटोभर बाजरी सांडल्यासारखे दाणे. सेकंदाला वीस अशा झपाट्यानं त्यानं चार हजारांवर फोटो काढले होते.

चार हजार वेळा धूर.

दुसऱ्या कुणाला आण्णांनी पहिल्याच दिवशी वाटेला लावलं असतं. कारण पहिल्याच दिवशी यानं न विचारता फ्लॅश मारला. आण्णांचा हात चुकला आणि धोटा त्यांच्या अंगठ्यावर बसला. तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, “पुन्यांदा हा इजेचा खेळ केलास, तर ह्याच खड्ड्यात घालून वरनं माती लोटीन.”

तरी त्याला ठेवून घेतलं. अकलूजच्या मोतीलालशेट दोशींचा हा नातू, आणि शेटच्या दुकानात आण्णांच्या वडिलांची घोंगडी विकली जायची.

मोतीलालशेट म्हणजे अवघड गिऱ्हाईक. घोंगडी आली की दुकानातल्या दिव्याखाली कधी बघायचे नाहीत. उचलायचे, दारात न्यायचे आणि उन्हासमोर आडवी धरायचे. कुठे उजेड आरपार दिसला की घडी घालून परत. एकदा एक विणकर चिडून म्हणाला, “शेट, घोंगडं पांघरायचं असतं, त्यातनं बघायचं नसतं!” शेट खो खो हसले. त्याला चहा पाजला, पान दिलं... आणि घोंगडी परत दिली.

नातवानं दुकानातला वाटा भावाला देऊन कॅमेरे घेतले. आजोबांची नजर आपल्यात उतरलीय, असं तो सांगायचा. मुलाखतीत तर हमखास.

“निदान माग दारापाशी सरकवता आला असता,” तो आता म्हणाला.

“खड्डा बी सरकवू संगं?”

“पण का? उजेडाचं एवढं वाकडं काय?”

आण्णांनी शेजारच्या मडक्यात कुंचा बुडवला आणि धाग्यांवर ओढला. चिंचोके शिजवून केलेली चिकट खळ होती ती.

“ऊन-वारं लागलं की ही खळ वाळती. खळ वाळली की लोकर कडाकती. कडाकली की तुटती. समजलं? का ह्येचा बी फोटो काढतूस?”

“मग सावकाश तरी टाका. एकदाच.”

“परवा टाकला की सावकास.”

टाकला होता. धोटा निम्म्यात जाऊन पडला होता.

“त्यो सावकास जातच न्हाई,” आण्णा म्हणाले. “सावकास गेला तर त्यो धोटा न्हवं, लाकूड.”

निरंजन उसळला. “आण्णा, मी वटवाघूळ धरलंय. उडतं वटवाघूळ! अंधारात!”

“असं?” ... धप्प. “मग सोडलंस का?”



दुपारी आण्णा भाकरी खायला ओसरीवर गेले. निरंजनला गिळवत नव्हतं. तो दारातल्या लिंबाखाली जाऊन उभा राहिला. गावात फोन लागायची तेवढीच एक जागा होती. लागला तोच मुंबईचा. प्रदर्शन भरवणाऱ्या देवधरबाई.

“निरंजन, दहावी भिंत रिकामी आहे.”

“येतोय फोटो.”

“हे तुम्ही सोमवारपासून सांगताय. आज दिवस मावळेपर्यंत आला तर ठीक, नाहीतर ती भिंत मी दुसऱ्याला देते. आणि जाहिरातीत तुमचा धोटा छापून आलाय, त्याचं काय सांगायचं तेही तुम्हीच ठरवा.”

फोन बंद झाला.

तो खोलीत परतला. आत कुणी नव्हतं. ताणलेल्या धाग्यांवर धोटा पडला होता, म्हाताऱ्यासारखाच काळा आणि मख्ख.

निरंजनला त्या धोट्याचाच राग आला.

कॅमेऱ्याला धरायला काहीतरी चमकतं लागतं, एवढीच तर अडचण होती. पिशवीत चंदेरी चिकटपट्टी होती. त्यानं नखाएवढा तुकडा फाडला आणि धोट्याच्या कुशीवर बोटानं दाबून बसवला. कागदासारखी पातळ पट्टी. लाकडाला काय कळणार?

आण्णा आले. खड्ड्यात पाय सोडले. धोटा उचलला... आणि क्षणभर तळव्यावर तोलला.



पण बाहेरून कुणीतरी हाक मारली, आण्णांनी “व्हय व्हय” केलं आणि हात सवयीनं चालू झाले.

सळकन. धप्प. सळकन. धप्प.

कॅमेऱ्याच्या काचेत नेम धरणारा हिरवा चौकोन पहिल्यांदाच लुकलुकला. धोटा धरायला झेपावत होता, सुटत होता, पुन्हा झेपावत होता. निरंजननं बटण दाबलं ते सोडलंच नाही. कॅमेरा चरचरत राहिला. एक फेरा, दोन, तीन. खळीच्या ओलीनं पट्टीचा एक कोपरा तिकडे हळूच उचलला जात होता, ते ना आण्णांना दिसलं ना त्याला.

सातव्या फेऱ्याला आवाज बदलला.

कर्रर्र.

धोटा मधोमध उभा राहिला. त्याच्या भोवतीचे धागे एकामागून एक ताडताड तुटले आणि टोकं वर उडाली.



निरंजननं खाली बघितलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर.

 शेवटचा फोटो लख्ख होता! धोटा जागच्या जागी कोरल्यासारखा, त्याच्या लाकडाची रेष न् रेष दिसत होती, आणि भोवती तुटलेले धागे कारंज्यासारखे हवेत. चार हजारांतला एक. त्याच्या तोंडून निघून गेलं,

“आला!”

...

“काय आला?” आण्णांनी विचारलं.

निरंजननं मान वर केली. आण्णांच्या हातात धोटा होता. अंगठ्यानं ते ती पट्टी चाचपत होते.

“आण्णा, मी... म्हणजे कॅमेऱ्याला—”

“धागं तुटलं, तवा पयलं कुठं बघितलंस?”

“अं?”

“सोपं इचारतूय. पयलं कुठं बघितलंस?”

निरंजननं पडद्यावर तळवा झाकला.

आण्णांनी नखानं पट्टी सोलून काढली. खड्ड्यातून अंग वर ओढलं, दोन पावलं आले आणि ती पट्टी निरंजनच्या कपाळावर थापली. चांगली जोरात. याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

“आण्णा!”

“पाच दिस झालं, हितं बसलेलं माणूस दिसत न्हवतं मला. आता दिसंल. काढू नगंस ती.”

“हे फार होतंय! काय झालंय एवढं? धागेच तुटलेत ना? मी भरून देतो सगळं!”

“काय भरून देतूस?”

“लोकर. नवीन लोकर देतो, दुप्पट!”

आण्णा हसले. राग बरा, असं ते हसणं होतं.

“ही सिदा कोळेकराच्या मेंढरांची लोकर हाय. त्येच्या घरच्या, काळ्या. सहा म्हैन्यातनं एक कातरण, त्यातनं एक घोंगडं. उद्या पहाटं त्यो कळप घिऊन निघतूय, चार म्हैनं उघड्यावर. रानात, माळावर, पावसात ह्येच त्येचं घर.” त्यांचा आवाज चढला. “आज दिस मावळायला त्यो न्यायला येनार. आन जा दुसरी कातरण! कुठनं आनतूस? त्या डब्यातनं?”

निरंजननं कॅमेरा छातीशी धरला.

“उतर खाली,” आण्णा म्हणाले.

“कुठे?”

“खड्ड्यात. तेवीस तुटल्यात. जोड.”

“मला येत नाही.”

“तोडाया येत हुतं?”

कॅमेरा कोपऱ्यात ठेवून तो उतरला. खड्ड्यात गारवा होता आणि मेंढरांचा वास. आण्णांनी त्याचे हात धरून खळीच्या मडक्यात मनगटापर्यंत बुडवले, मग एक तुटकं टोक त्याच्या उजव्या चिमटीत दिलं, दुसरं डाव्या.

“ह्येला जुळं शोधायचं. वळायचं, गाठ मारायची, खळ चोपडायची. सुटली तर पुन्यांदा.”

“दिसत नाहीये काही. मोबाईलचा दिवा लावतो.”

“लाव की. गाठीला दोन्ही हात लागत्यात. मोबाईल कोन धरनार, तुझा आजा?”

पहिली गाठ सुटली. दुसरी सुटली. तिसऱ्या वेळी त्यानं चुकीची टोकं जोडली, आणि आण्णांनी काही न बोलता त्याच्या हातावर कुंच्याची दांडी मारली. निरंजनच्या तोंडात शिवी आली, ती त्यानं दातांत धरली. या अडाणी म्हाताऱ्याला काय ठाऊक, भिंत म्हणजे काय असते! बाहेर कॅमेऱ्यात तो फोटो होता. तेवढा एक मुंबईला पोचला, की या खड्ड्याशी, या वासाशी आपला काय संबंध?

तासभर गेला. नऊ गाठी झाल्या.

मग त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला काळ्या लोकरीत तीन काळे रंग दिसताहेत. एक तांबूस काळा, एक राखेसारखा, आणि एक खरा काळा. पाच दिवसांत एकाही फोटोत ते आले नव्हते. त्यानं ते आण्णांना सांगितलं नाही. राग अजून उतरला नव्हता ना. रागात माणूस आपला फायदासुद्धा कबूल करत नाही.

तेविसावी गाठ पडली तेव्हा झरोक्यातला उजेड पिवळा झाला होता.

“हो बाजूला,” आण्णा म्हणाले आणि खड्ड्यात बसले.

उरलेलं त्यांनी ज्या झपाट्यानं विणलं! प्रत्येक ठोका रागाचा होता. फळी आपटत नव्हती, बडवत होती. निरंजन कडेला टेकून बघत राहिला. हात खळीनं कोपरापर्यंत माखलेले, कॅमेरा पलीकडच्या कोपऱ्यात. आणि त्याला धोटा दिसला. निघताना दिसला, मधे दिसला, पोचताना दिसला. आण्णा धोट्याकडे बघतच नव्हते. धोटा उजवीकडून सुटायच्या आधीच त्यांचा डावा हात वाटीसारखा उघडा होत होता, दर वेळी त्याच जागी.

“आण्णा,” तो एकदम म्हणाला. “जरा थांबा... नाही, थांबू नका! चालू ठेवा. मला दिसलंय. मी कॅमेरा घेतो.”

“आधी हात पूस.”

त्यानं हात चड्डीला पुसले, पोत्याला पुसले, मातीत घासले. चिंचोक्याची खळ ती. वाळली की सुटत नाही, ओली असली की पसरते. तो दारातल्या रांजणाकडे धावला. हात धुवून परत आला तोवर ठोके थांबले होते.

आण्णा कात्रीनं घोंगडी मागावरून सोडवत होते.

...

निरंजननं ओले हात झटकले. कॅमेरा उचलला आणि लिंबाखाली गेला. सूर्य टेकला होता. त्यानं तो एक फोटो मोबाईलवर घेतला. उघड्यावर तर तो आणखीच देखणा दिसत होता. कुणीही बघून म्हणालं असतं, काय पकडलाय धोटा! तुटलेले धागे कुणाला तुटलेले वाटलेही नसते.

देवधरबाईंचं नाव काढलं. फोटो जोडला. आता फक्त अंगठा टेकवायचा होता.

तेवढ्यात वाटेवरून सिदा कोळेकर आला. उंच, लाल फेटा, खांद्यावर काठी. त्यानं निरंजनच्या कपाळावरच्या चंदेरी पट्टीकडे बघितलं, पण शहरातल्या माणसाला असलं काही विचारू नये एवढी रीत त्याला होती.

“राम राम पावनं.”

“राम राम.”

आण्णा दारात आले. घोंगडी सिदाच्या हातात ठेवली. सिदानं ती आधी गालाला लावली. आपल्या मेंढरांची ओळख पटली असावी. मग दोन्ही हातांनी पसरली आणि मावळत्या उन्हासमोर धरली. अगदी तशीच, जशी अकलूजच्या दुकानाच्या दारात कुणीतरी धरायचं.

सगळी घोंगडी काळीभोर. मधोमध मात्र हातभर लांबीची एक आडवी रेघ पेटली होती. गाठीगाठींची, आणि गाठींच्या फटीतून ऊन.

सिदा बघत राहिला.

“आण्णा... ही रेघ कसली?”

आण्णांनी मान वळवली. ते निरंजनकडे बघत होते.

निरंजनचा अंगठा हवेतच राहिला. त्यानं तोंड उघडलं. “ते... दुपारी माझ्या—”

आण्णांनी हात वर केला.

“फोटो हाय त्यो.”

“फोटो? घोंगड्यात?”

“थांबलेल्या धोट्याचा. पाच दिस बसून ह्या पावन्यानं काढला.”

सिदानं एकदा घोंगडीकडे बघितलं, एकदा निरंजनच्या हातातल्या उजळलेल्या मोबाईलकडे.

“मंजी, त्येंच्याकडं बी ह्योच हाय?”

“ह्योच. दोन निघालं,” आण्णा म्हणाले आणि घोंगडी त्याच्या खांद्यावर नीट बसवली. “त्येंचा म्हमईत भिताडाला लागंल... तुझ्यातनं पाऊस आत यील.”